फटफटीवरचे दुसरे माणूस

'डबलसीट' हे शब्द इंग्रजी खरे. पण ज्या अर्थाने आपण ते वापरतो, तो अर्थ सर्वस्वी आपला आहे. "चल, तुला डबलसीट सोडतो," असे कोणी म्हटले, की मराठी माणसाला पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही. एकाने चालवायचे आणि दुसऱ्याने मागे बसायचे. सायकलच्या कॅरिअरला हा शब्द लागू, फटफटीला लागू आणि स्कूटरलाही लागू. शिवाय माणसे तीन झाली, तर 'ट्रिपलसीट' हाही शब्द आपण तयार ठेवलेला आहेच!

मोटारसायकलचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. तो वाचताना एक गोष्ट मात्र जाणवत राहते. तो बहुतेक सगळा पुढे बसणाऱ्याचा इतिहास आहे. इंजिन किती शक्तीचे, वेग ताशी किती मैल, शर्यत कोणी जिंकली, अमुक घाट किती मिनिटांत चढला, याची त्यात बारकाईने नोंद असते. पण त्याच घाटात मागे जीव मुठीत धरून जे माणूस बसले होते, त्याचे काय झाले? त्याचे पाय कुठे टेकले होते? त्याने धरले काय होते? वाचकहो, आज आपण या दुसऱ्या माणसाची विचारपूस करू.

आधी त्याची अडचण नीट समजून घेऊ. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असते. ते वळवण्याचे साधन आहे, तसेच धरून बसण्याचा आधारही आहे. ब्रेक त्याच्या ताब्यात, वेग त्याच्या ताब्यात. आणि मुख्य म्हणजे समोर काय येणार, ते त्याला आधी कळते. खड्डा दिसला, की तो नकळत अंग सावरतो. मागच्याला खड्डा दिसत नाही. त्याला तो एकदम कळतो, आणि तोही कमरेत! ज्या माणसाच्या हाती यातले काहीच नाही, त्याला सुखाने आणि निर्धास्तपणे न्यायचे, तर तीन गोष्टी पाहिजेत. बसायला घट्ट बसवलेली बैठक, पायाखाली टेकू आणि हाताला पकड. चौथी गोष्ट कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ती म्हणजे पुढच्या माणसावरचा विश्वास. पहिल्या तीन गोष्टी मिळवायला कित्येक दशके लागली. चौथी तर दर वेळी नव्याने मिळवावी लागते.

मागच्या सीटला इंग्रजीत 'पिलियन' म्हणतात. हा शब्द मोटारसायकलहून कित्येक शतके जुना आहे. घोड्याच्या खोगिरामागे दुसऱ्या माणसाला, विशेषतः बाईमाणसाला, बसता यावे म्हणून जी मऊ गादी बांधत, ती पिलियन. शब्द आला गेलिक भाषेतून, आणि त्याचेही मूळ लॅटिनमधल्या 'कातडे' या अर्थाच्या शब्दात सापडते. युरोपातल्या बायकांचे झगे लांब आणि घोळदार. त्यामुळे त्यांनी घोड्यावर एका बाजूला पाय सोडून बसायचे आणि पुढच्या पुरुषाच्या कमरेला धरायचे, असा शिरस्ता पडला. आपल्याकडची गोष्ट वेगळी. कासोटा घालून नेसलेले नऊवारी लुगडे घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायला कधी आड आले नाही. झाशीच्या राणीचे चित्र आठवा, म्हणजे झाले. लुगड्याची ही गोष्ट जरा ध्यानात असू द्या. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता फटफटीकडे वळू. जर्मनीत कानस्टाट येथे गोटलीब डायम्लर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी १८८५ साली पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी दुचाकी तयार केली. सांगाडा लाकडी, चाकेही लाकडी, आणि तोल जाऊ नये म्हणून दोन्ही अंगांना एकेक लहान चाक. तिच्यावर खोगिरासारखी कातडी बैठक होती, ती एकाच माणसापुरती. दुसऱ्याचा विचारच नव्हता. आणि असायचे कारणही नव्हते. यंत्र चालते की नाही, हाच मुळी प्रश्न होता. पुढे १८९४ मध्ये म्युनिक शहरी हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांच्या कारखान्यातून विक्रीसाठी मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. यंत्र चालते, हे सिद्ध झाले. मग साहजिकच चालवणाऱ्याला वाटू लागले, की बरोबर कोणीतरी असावे.

पण त्या माणसाला बसवायचे कुठे? पहिल्या पाच-दहा वर्षांतली उत्तरे पाहिली, तर मोठी मौज वाटते.

पहिले उत्तर म्हणजे मागे ओढायची गाडी. वेताची खुर्ची, तिला दोन चाके, आणि ती दांड्याने मोटारसायकलला जोडलेली. दिसायला झोकदार! पण रस्त्यावरची सारी धूळ आणि इंजिनाचा सारा धूर त्या खुर्चीतल्या माणसाच्या तोंडावर. बोलायची सोय नाही. जोडणीचा दांडा निसटला, तर चालवणाऱ्याला ते लगेच समजायचेही नाही. तो आपला पुढे निघाला, आणि बरोबरचे माणूस राहिले मागे, अशी अवस्था.

दुसरे उत्तर नेमके उलटे. खुर्ची पुढे आणायची. पुढे दोन चाके, त्यांच्या मध्ये पाहुण्याची आरामखुर्ची, आणि तिच्या मागे इंजिन नि चालक. १९०२ ते १९०५ च्या सुमारास या प्रकाराची बरीच चलती होती. धूळ नाही, धूर नाही, समोरचा देखावा मोकळा. फक्त एकच उणे होते. गाडी कशावर आदळली, तर पहिला मार पाहुण्याला! ज्याच्या हाती ब्रेक नाही, त्यालाच ढाल करून पुढे बसवले होते.

तिसरे उत्तर टिकाऊ ठरले. ते म्हणजे साइडकार. १९०३ मध्ये इंग्लंडात तिचे पेटंट झाले. बाजूला एक पेटी आणि तिला एक चाक. तीन चाके झाल्यामुळे तोल जायची भीती राहिली नाही, शेजारच्याशी दोन शब्द बोलता येऊ लागले, आणि पाऊस आला तर पेटीवर छत ओढून घेता येऊ लागले. पहिल्या महायुद्धात साइडकारीने सैनिक नेले, तोफखान्याच्या बंदुका नेल्या, जखमीही नेले. युद्धानंतर ती इंग्लंडातल्या कामगार कुटुंबाची मोटार झाली. तिच्यात बायको-मुले, बाजूला नवरा, अशी मंडळी रविवारी समुद्रावर निघत. पण साइडकार लावली, की मोटारसायकल चपळ राहत नाही. ती एका अंगाला ओढते आणि वळणावर वेगळेच कसब मागते. पुढे १९२२ मध्ये 'ऑस्टिन सेव्हन'सारखी लहान, स्वस्त मोटार निघाली आणि साइडकारीची सद्दी हळूहळू संपत गेली. आपल्या पिढ्यांना ती आठवते, ती मुख्यतः 'शोले' या १९७५ सालच्या चित्रपटातल्या दोन मित्रांमुळे!

ज्यांना साइडकार परवडत नव्हती, त्यांचे काय? त्यांनी सगळ्यात सोपी युक्ती काढली. मागच्या चाकावर सामान ठेवायची जी लोखंडी चौकट होती, तिच्यावर उशी बांधली आणि माणूस बसवला. आजची आपली मागची सीट ही त्या सामानाच्या चौकटीची थेट वंशज आहे. दुसऱ्या माणसाला फटफटीवर जागा मिळाली, ती सामान म्हणून. हे जरा कडू वाटेल, पण इतिहास तसा आहे.

इंग्लंडात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात या चौकटीला थट्टेने 'फ्लॅपर ब्रॅकेट' म्हणत. फ्लॅपर म्हणजे त्या काळची नव्या चालीची, केस आखूड ठेवणारी, बिनधास्त तरुणी. मित्राच्या फटफटीवर ती मागे बसे, पुष्कळदा एकाच बाजूला पाय सोडून. पायाखाली काही नाही, हाताला काही नाही, खाली पातळशी उशी. वेग वाढत चालले होते. अपघात होऊ लागले, वर्तमानपत्रांत ओरड सुरू झाली. काहींना काळजी होती मुलीच्या जिवाची, तर काहींना तिच्या वागण्याची. अखेर ब्रिटिश पार्लमेंटाने १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यात नियम घालून दिला. दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस न्यावा, त्याच्यासाठी चालकाच्या मागे पक्की बसवलेली योग्य सीट असावी, आणि त्याने दोन्हीकडे पाय टाकूनच बसावे. मागचे माणूस म्हणजे सामान नव्हे, हे तिथल्या कायद्याने या दिवशी कबूल केले, असे म्हणायला हरकत नाही.

कायद्याने सीट पक्की झाली. पण सुखाची झाली का? नाही. याचे कारण यंत्राच्या रचनेत होते. त्या काळच्या बहुतेक मोटारसायकलींना पुढच्या चाकाला स्प्रिंगा असत, मागच्याला नसत. मागचे चाक सांगाड्याला सरळ आवळलेले. चालकाची बैठक दोन्ही चाकांच्या मध्ये, आणि तिच्याखाली मोठ्या स्प्रिंगा. त्यामुळे त्याला धक्का निम्माशिम्माच पोचे. मागचे माणूस मात्र बरोबर चाकाच्या डोक्यावर बसलेले. मडगार्डावर गादी आणि गादीवर तो. चाक खड्ड्यात गेले, की तोही खड्ड्यात गेलाच. बैलगाडीत साटीच्या मागच्या टोकाला ज्यांनी कधी प्रवास केला असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आठ-दहा वर्षांत हे चित्र पालटले. मागचे चाक एका दुबेळक्यात बसवायचे, ते दुबेळके बिजागरीवर वर-खाली हलू द्यायचे, आणि दोन्ही बाजूंना शॉकअब्सॉर्बर लावायचे, ही रचना रूढ झाली. १९४९ च्या सुमारास इंग्लंडात बाजारात आलेल्या रॉयल एन्फील्डच्या 'बुलेट'ला ती होती. आणि हीच बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. दुसरी भर पडली ती गादीत. डनलॉप कंपनीने १९२९ च्या सुमारास रबराच्या चिकापासून फेसाळ, मऊ फोम तयार केला होता. आपल्याकडे अशा कोणत्याही मऊ गादीला पुढे सरसकट 'डनलपची गादी' म्हणू लागले, ते यावरूनच. या फोमची दोघांना पुरेल अशी एक लांब, सलग सीट निघाली. चालकाची आणि मागच्याची बैठक प्रथमच एका पातळीवर, एका गादीवर आली. तिच्यातही एक खोड होतीच. सीट सपाट आणि वरचे कापड गुळगुळीत. त्यामुळे ब्रेक लागला, की मागचे माणूस घसरत पुढच्याच्या पाठीवर. म्हणून सीटच्या मधोमध एक आडवा पट्टा लावू लागले. पायांसाठी घडीचे फूटरेस्ट आले. अशा रीतीने बैठक, टेकू आणि पकड या तिन्ही गोष्टी एकदाच्या एका यंत्रावर जमल्या.

याच सुमारास इटलीत एका वेगळ्याच माणसाने या प्रश्नाला हात घातला. त्याचे नाव कोर्रादिनो दास्कानियो. हा मुळात हेलिकॉप्टर-विमानांचा इंजिनिअर, आणि मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. ती कपडे मळवते, चाक पंक्चर झाले तर काढायला जिकिरीची, आणि बसायला टांग टाकावी लागते, ही त्याची तक्रार. युद्धानंतर पियाजियो कंपनीने त्याला स्वस्त वाहन करायला सांगितले, तेव्हा त्याने या साऱ्या तक्रारींना उत्तर दिले. इंजिन पत्र्याखाली झाकले, साखळी काढून टाकली, पायांसमोर ढाल लावली आणि मधली जागा मोकळी ठेवली. पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एका बाजूनेच धरले. १९४६ च्या एप्रिलमध्ये 'व्हेस्पा'चे पेटंट दाखल झाले. पहिले मॉडेल एका माणसापुरतेच होते आणि मागे स्प्रिंग नव्हती. १९४८ च्या १२५ सी. सी. मॉडेलमध्ये ती आली, आणि व्हेस्पा खऱ्या अर्थाने दोघांची झाली. १९५३ सालच्या 'रोमन हॉलिडे' या चित्रपटाने तिला जगभर नेले. त्यातली राजकन्या आधी मागे बसते. मग हँडल तिच्या हाती जाते, आणि मागे बसलेल्या वार्ताहराची जी त्रेधा उडते, ती पाहून आपण पोट धरून हसतो. पण त्या हसण्यात एक शहाणपण आहे. जागा बदलल्याखेरीज मागच्याचे दुःख पुढच्याला कळत नाही!

ही स्कूटर आपल्याकडे आली आणि जणू इथलीच झाली. मुंबईत लॅम्ब्रेटा तयार होऊ लागली. बजाजने प्रथम परदेशातून व्हेस्पा आणून विकल्या, मग १९६० च्या सुमारास इथेच बांधायला घेतल्या, आणि पुण्याजवळचे आकुर्डी हे नाव देशभर गेले. १९७२ मध्ये आली 'चेतक'. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव! पैसे भरून लोक वर्षानुवर्षे नंबर लागायची वाट पाहत. जिची वाट एवढी पाहिली, तिच्यावर मग सारे कुटुंब बसणार, यात नवल काय? पुढे उभा मोठा मुलगा, मग वडील, मागे आई आणि तिच्या मांडीवर धाकटे. हे दृश्य आपल्या शहरांतून दोन पिढ्यांनी पाहिले. त्यातल्या मायेवर अनेकांनी लिहिले आहे. पण त्या साऱ्या रचनेत सर्वांत असुरक्षित कोण होते? एका हाताने मूल आणि दुसऱ्या हाताने स्कूटर धरून, एका बाजूला पाय सोडून बसलेली ती आई.

इथे लुगड्याची गोष्ट पुन्हा पुढे येते. फटफटी आणि स्कूटर आपल्या शहरांत घरोघर पोचली, तोवर शहरी बायकांनी नऊवारी सोडून गोल पाचवारी साडी नेसायला सुरुवात केली होती. कासोटा गेला, आणि दोन्हीकडे पाय टाकून बसणेही गेले. इंग्रजांच्या १९३० च्या कायद्याचीच भाषा बरीचशी घेऊन इथला १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. एकच माणूस, पक्की सीट, चालकाच्या मागे, हे सारे त्यात आले. पण दोन्हीकडे पाय टाकून बसण्याची सक्ती तेवढी त्यात आली नाही. १९८८ च्या नव्या कायद्यातही ती नाही. साडीला वाट करून द्यायची होती, असेच त्याचे फळ झाले. आपली वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने. म्हणून पाय डावीकडे, उतरताना थेट कडेला. सोय झाली खरी. पण तिची किंमत काय, तेही पाहा. दोन्हीकडे पाय असले, की गुडघ्यांनी सीट आवळता येते. एका बाजूला बसले, की तो आधार जातो. गाडी एकदम सुटली किंवा थांबली, तर शरीर मागे-पुढे न ढकलता आडवे घसरते. वजन मधोमध राहत नाही. आणि साडीचा पदर, ओढणी किंवा निऱ्या थेट चाकाशेजारी येतात.

कापड फिरत्या चाकात गुंतले, म्हणजे काय होते, हे जगाला १९२७ मध्येच समजले होते. प्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन फ्रान्समधील नीस येथे उघड्या मोटारीत बसली. तिच्या गळ्यातला लांब रेशमी रुमाल चाकात अडकला, आणि क्षणात सारे संपले. फटफटीचे चाक तर मागच्या माणसाच्या पावलापासून वीतभर अंतरावर. आपल्याकडच्या कारागिरांनी यावर जो तोडगा काढला, तो जगात फारसा कुठे दिसत नाही. डाव्या बाजूला चाकापुढे सळ्यांची जाळी, आणि तिच्या खाली दोन्ही पावले टेकतील अशी पट्टी. हे झाले 'साडीगार्ड'. पाश्चात्त्य गाड्यांच्या शौकिनांना ते कुरूप वाटते. वाटो बापडे! १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ते सक्तीचे केले. चालकाच्या सीटच्या बाजूला किंवा मागे हाताला कायमची पकड हवी, फूटरेस्ट हवा, आणि मागे बसणाऱ्याचे कपडे गुंतू नयेत म्हणून मागचे निम्मे चाक तरी झाकलेले हवे. तरीही नवी गाडी घेतली, की 'दिसायला बरी नाही' म्हणून साडीगार्ड काढून टाकणारे तरुण आपण पाहतो. ते लोखंड कोणासाठी आहे, याचा त्यांनी आपल्या आईला मागे बसवून एकदा विचार करावा.

आता डोक्याकडे येऊ. १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या जखमेने वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. फटफटीस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ मध्ये त्यांनी लेख लिहिला आणि हेल्मेटचे महत्त्व दाखवून दिले. ब्रिटिश सैन्याच्या निरोप्यांना हेल्मेट मिळाले. सामान्य लोकांवर ते सक्तीचे व्हायला मात्र १९७३ साल उजाडले. आपल्या १९८८ च्या कायद्याने हेल्मेट चालवणाऱ्याप्रमाणे मागे बसणाऱ्यालाही घातले आहे. पण आपला अनुभव काय? पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागचीच्या डोक्यावर पदर! जणू रस्ता पुढच्यासाठी कठीण आणि मागच्यासाठी मऊ आहे. सरकारी आकडे सांगतात, की २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेली सुमारे ५० हजार माणसे दुचाकीच्या अपघातांत गेली, आणि त्यांत १४ हजारांहून अधिक मागे बसलेली होती. ज्यांच्या हाती ना हँडल होते, ना ब्रेक, अशी ही १४ हजार माणसे.

सीट, टेकू, पकड, हेल्मेट. हे सारे मिळाले, तरी चौथी गोष्ट राहतेच. ती आहे पुढे बसणाऱ्याकडे. मागे माणूस बसले, म्हणजे गाडी तीच राहत नाही, हे त्याने आधी ध्यानात घ्यावे. वजन मागे सरकते. पुढचे चाक हलके होते. थांबायला अंतर जास्त लागते. म्हणूनच गाडीच्या माहितीपुस्तकात मागच्या चाकात हवा एकट्यासाठी किती आणि दोघांसाठी किती, हे वेगळे दिलेले असते. आपल्यापैकी कितीजण ती पाहतात?

बाकीचे नियम साधे आहेत. गाडी सरळ धरून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून "बसा" म्हणावे, आणि तसे म्हणेपर्यंत मागच्याने बसू नये. "नीट बसलात ना?" असे विचारल्याशिवाय क्लच सोडू नये. गिअर हळुवार बदलावा, म्हणजे मान हिसकत नाही. ब्रेक लांबूनच दाबत आणावा. खड्डा टाळता आला नाही, तर निदान "खड्डा आहे" इतके दोन शब्द बोलावेत. त्या दोन शब्दांनी मागच्याला ते मिळते, जे कोणत्याही स्प्रिंगेने मिळत नाही: आधी कळणे. मागच्यानेही आपले काम करावे. वळणावर गाडी कलते, तिच्याबरोबर कलावे. घाबरून उलट्या अंगाला झुकू नये. दोन्हीकडे पाय टाकणे जमत असेल, तर तसेच बसावे. पदर खोचून घ्यावा, ओढणी बांधून घ्यावी. आणि भीती वाटली, तर तसे सांगावे. "जरा हळू," असे म्हणण्यात कमीपणा नाही. ते ऐकून वेग वाढवणाऱ्याला मात्र शौर्याचे पदक कोणी देणार नाही.

या बाबतीत धडा घ्यायचा, तर गोव्याच्या 'पायलट' मंडळींकडे पाहावे. पिवळ्या-काळ्या रंगाच्या मोटारसायकलीवर भाड्याने माणूस पोचवणारे हे परवानाधारक चालक. मासळीबाजारातून निघालेली म्हातारी असो, की पिशवी घेतलेला पाहुणा, अनोळखी माणूस त्यांच्या पाठीमागे बसते. मागच्या माणसाला भीती वाटली, तर ते उद्या दुसऱ्याच्या गाडीवर बसेल, हे ते पक्के ओळखून असतात. त्यांचे पोट मागच्या सीटवर अवलंबून आहे. आपले तसे नसते. आपल्या मागे घरचेच माणूस असते. ते कुठे जाणार? आणि तिथेच आपला हात ढिला पडतो.

काळ पुढे गेला आहे. १९७२ मध्ये लूना आली, १९८४ मध्ये बिनगिअरची कायनेटिक होंडा आली, आणि बघता बघता मागे बसणारी बाई पुढे आली. आज मुलगी गाडी चालवते आणि वडील मागे बसतात, हे आपल्या गावांतून सहज दिसते. नऊवारीबरोबर गेलेली दोन्हीकडे पाय टाकण्याची रीतही पंजाबी ड्रेसबरोबर परत आली. चार वर्षांखालच्या मुलांसाठी २०२२ मध्ये नियम झाले. लहानग्याला हेल्मेट, चालकाशी जखडून ठेवणारा पट्टा, आणि ताशी ४० किलोमीटरच्या वर वेग नाही. मांडीवरच्या त्या मुलाची आठवण कायद्याला झाली, हे चांगले झाले. उशिरा झाली, पण झाली.

सामानाच्या चौकटीवर उशी बांधून सुरू झालेला हा इतिहास असा आहे. त्यात दर पायरीवर कोणीतरी एक साधा प्रश्न विचारला, तेव्हाच पुढची सुधारणा झाली: मागे बसलेल्याचे काय? कायदे करणाऱ्यांनी तो विचारला, इंजिनिअरांनी विचारला, डॉक्टरांनी विचारला, साडीगार्डाची जाळी वाकवणाऱ्या कारागिरांनी विचारला. आता तो विचारायची पाळी आपली. किल्ली फिरवण्यापूर्वी मान जराशी मागे वळवून विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. याला ना खर्च लागत, ना परवाना.